मामांनी खोडलेला ठिपका

सरासरी या गोष्टीचा माझ्या बायकोच्या मामांइतका द्वेष करणारा माणूस सबंध सदाशिव पेठेत दुसरा नसेल, आणि द्वेषाला विषय कमी न पडणाऱ्या या पेठेत ही मोठीच कामगिरी म्हणायची. मामा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती स्वीकारली. मामींच्या कुकरची शिट्टी किती वेळात होते, समोरचे डॉक्टर पेशंटला किती मिनिटं देतात, आपण सकाळी फिरून किती वेळात परततो, सगळ्याची वहीत नोंद आणि महिनाअखेरीस त्याचा बॉक्स प्लॉट. पाहुण्याने चुकून "सरासरी किती?" असं विचारलं, की त्याचा चहा रद्द व्हायचा.

तेव्हा खराडीतल्या आमच्या कंपनीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं. तक्रारी सोडवायला किती वेळ लागतो ते बॉक्स प्लॉटने दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॉम्प्युटर एका बटणात चित्र काढायचा, पण ते वाचायचं कसं हे बटण सांगत नव्हतं. मामांनी मला जमिनीवर बसवलं आणि भुईमुगाच्या मूठभर शेंगा पुढ्यात टाकल्या. लांबीप्रमाणे रांग लावून घेतली. आधी मधली शेंग दाखवायला लावली, मग दोन्ही अर्ध्यांतली मधली. त्या दोघींच्या मधे येणाऱ्या निम्म्या जनतेभोवती खडूने चौकट, चौकटीला दोन्हीकडे मिशा, आणि मिशांच्याही पलीकडे एकटी पडलेली भलीमोठी शेंग म्हणजे ठिपका. "चटणीच्या शेंगा आहेत त्या," आतून मामी म्हणाल्या. "ज्ञान झालं की परत करा."

माझ्या चित्रातही असाच एक ठिपका खूप वर बसला होता. वाईट दिसतो म्हणून मी तो उडवला, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही कागद मामांना कौतुकाने दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो जावईबापू, लांब गेलेल्याला असं घराबाहेर काढत नाहीत. आधी विचारावं, बाबा रे, कुठे होतास?" मी मुकाट्याने चौकशी केली. ती तक्रार तीन विभागांत फिरत होती आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याची समजत होता. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मामांचं नाव सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

पुढे काही वर्षांनी मी त्यांची फिरण्याची वही चाळत होतो. चौकट नेहमीसारखी आटोपशीर, मिशा आखूड. वरती मात्र कागद रबराने खरवडलेला. शेजारच्या पानावरची नोंद खोडायला ते विसरले होते: अर्ध्या तासाच्या फेरीला अडीच तास. मामांना टोमणा मारायची आयुष्यातली एकमेव संधी समोर होती. मी त्यांचाच प्रश्न विचारला. "मामा, कुठे होतात?"

"घराचा रस्ता आठवेना," ते हळूच म्हणाले. "याच पेठेत. हिला कळलं तर फिरणं बंद करेल माझं."

मला फार वाईट वाटलं. उद्यापासून मीही येतो, म्हटलं.

"तुमच्या चालीने माझी चौकट बिघडेल."

"बिघडू दे."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ठिपका होता तिथे पुन्हा काढला. "आता हिने पाहिला तर पाहू दे," म्हणाले.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी फिरतो. रस्ता मामाच दाखवतात. एखाद्या वळणावर ते थबकले, की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसतो, आणि त्यांना आठवेपर्यंत बांधत राहतो.