भाऊंची अडलेली खेळी

दुपारचं जेवण झालंय, वरणभात अंगावर आलाय आणि मी संगणक बंद करायला म्हणून खुर्चीत बसलेय. बंद काही करत नाही. की-बोर्डावर जरा डोकं टेकते. डोळा लागतोय न लागतोय तोच शेजारच्या खुर्चीत भाऊ येऊन बसतात.

भाऊ म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जाऊन सव्वा महिना झाला, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आलेत.

या संगणकावर आम्ही दोघं रोज दुपारी एक खेळ खेळायचो. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, फुकट मिळणारा. हेल्मेट घातलेल्या साळिंदरांच्या दोन फौजा, आणि आळीपाळीनं एकमेकांवर तोफा डागायच्या. भाऊंनी आपल्या फौजेला जुन्या साहेबांची नावं दिली होती. मी माझ्या फौजेला त्यांच्या बहिणींची दिली. वेळेची मर्यादा आम्ही काढूनच टाकली होती, कारण भाऊ कंपासपेटीतला कोनमापक पडद्याला लावून नेम धरायचे. शेवटच्या खेळीवर त्यांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी सकाळी गेले. तेव्हापासून संगणक चालूच आहे. त्यांची खेळी मी खेळले तर ती लबाडी, आणि बंद करायचं म्हटलं तर हात धजत नाही.

"भाऊ, खेळा ना आता."

"वारा बघतोय."

"सव्वा महिना?"

"अगं, कालव्याचा उतार आम्ही अकरा वर्षं बघत होतो."

आम्ही त्या कालव्याच्या भरावावरच बसलोय. खुर्च्या घरातल्याच आहेत. पलीकडच्या काठावर माझ्या फौजेतल्या शेवटच्या शकुआत्या नऊवारीवर हेल्मेट घालून उभ्या आहेत. खऱ्या शकुआत्या मिरजेत ठणठणीत आहेत.

"वृंदा, त्याला म्हणावं मार एकदाचा," त्या ओरडतात. "माझे गुडघे दुखतायत!"

भाऊ कोनमापक काढून बहिणीच्या नाकाचा कोन घेतात आणि फायलीत लिहितात. आता कालवा नाही, कचेरी आहे. फाइल साहेबांपुढे जाते. साहेब साळिंदर आहेत. ते चहात बिस्कीट बुडवतात आणि फाइल परत ढकलतात.

"त्रुटी आहे," भाऊ समाधानानं म्हणतात. "म्हणजे अजून पंधरा दिवस."

मला राग येतो. "तुम्हाला मारायचंच नाहीये! इथून कुणीही मारेल. नेम तर पहिल्याच दिवशी लागला होता तुमचा."

भाऊ शर्टाचं बटण चाचपतात.

"लागला होता."

"मग चार दिवस काय करत होतात?"

"डाव संपला की तू कामाला निघून जातेस," ते म्हणतात. "मग दुपार जात नाही."

मला भडभडून येतं. तेव्हा मी आत जाऊन कपड्यांच्या घड्या करायची, आणि म्हातारा विचार करतोय म्हणून हसायची.

"बसले असते मी, भाऊ. सांगायचं तरी."

"सांगतात होय असं सुनेला?" ते गुरकावतात. "चल, हो बाजूला. किती दिवस अडवून ठेवणार आहेस माझी खेळी?"

"मी अडवलीय?"

"नाही तर काय! दाबू देशील तर ना." ते माझं डोकं हातानं हलकेच खाली दाबतात. कचेरी हादरते. साहेब टेबलाखाली जातात.

"वृंदा! अगं, ऊठ!"

श्रीपाद, माझा नवरा, मला हलवतोय. मी डोकं उचलते. पडद्यावर धूर आहे. शकुआत्या पाण्यात गेल्यात आणि भाऊंचे कार्यकारी अभियंता नाचतायत.

"गालावर काय छापलंय हे?" श्रीपाद विचारतो. मी हात लावून बघते. की-बोर्डाच्या बटणांचे चौकोन गालात चांगले रुतलेत.

"भाऊ जिंकले," मी म्हणते, आणि हसता हसता रडायला लागते.

तो संगणकाकडे हात नेतो.

"थांब," मी म्हणते. "हरेल त्यानं बंद करायचा, असं ठरलंय आमचं."

गाल अजून चुरचुरतोय. मी डोळे पुसते आणि संगणक बंद करते.