झुलालआप्पा आणि खाली बसलेली जमीन

झुलालआप्पा विहिरीच्या कडेला कधी उभा राहत नसे. पालथा पडून, हातपाय पसरून आत बघायचा. मला हसू यायचं. मी जुन्नरकडचा, चौथीत शाळा सुटलेला. आमच्याकडे पुरुषभर माती, मग मुरूम, मग कातळ. कातळाच्या विहिरीला कोण भितं?

खानदेशात प्रकाशा गावाजवळ तापीकाठच्या मळ्यांत आप्पा विहिरी बांधायचा, आणि मी त्याच्या हाताखाली कामाला होतो. जमिनीवर लाकडी चक्र ठेवून त्यावर विटांची गोल भिंत रचायची, आणि आतली माती काढत भिंतीसकट चक्र खाली उतरवायचं. मला हा नुसता वेळकाढूपणा वाटे. आप्पा चार दिवस लग्नाला गेला, तेव्हा मी चक्र न ठेवताच दोन पुरुष खोल खणलं. म्हटलं, आता कातळ लागेलच.

चौथ्या दिवशी एक बाजू कोसळली. मी छातीपर्यंत गाडला गेलो. श्वास सोडला की माती आवळायची, पुन्हा तेवढा घेता यायचा नाही.

दुपारी आप्पा परतला. दोर लावून मला ओढायला निघालेल्यांना त्याने मागे सारलं, फळ्या ठोकत स्वतः खाली आला आणि हातांनी माती उपसू लागला.

"हालू नको भो. आठे खडक शे, हाई तुले कोनी सांगं?"

"आमच्याकडे असतो, आप्पा."

"तुमनाकडे ऱ्हास. आथा सातपुडा, तथा दख्खनना डोंगर. दोन्ही जागावर ऱ्हायनात, मझारनी जमीन खाले बसी गई. मंग तापीमायनी तठे गाळ भरा. म्हनीसन कापूस चांगला येस, नि म्हनीसन तू गाडायना."

दोन डोंगरांमधली जमीन खचली आणि तिथे नदीने गाळ भरला, हे तो तापीच्या पुलासाठी पाया शोधणाऱ्या एका साहेबाकडून शिकला होता. मला त्या वेळी एवढंच कळलं, की माझ्या पायाखाली नुसता गाळच गाळ आहे.

समोरच्या बाजूला भेग पडली. वरून लोक ओरडले, "आप्पा, वर ये."

"मी वर उनू तं याना संगे कोन बोली?" तो म्हणाला, आणि माती उपसत राहिला.

दिवस मावळताना मी बाहेर आलो.

पुढे नऊ वर्षं, आप्पा जाईपर्यंत, मी त्याच्याजवळ होतो. पण विहिरीत उतरायला पाय धजला नाही. सत्तरीतला आप्पाच खाली जायचा. हा घाटावरचा गडी वरच का, असं कुणी विचारलं, की म्हणायचा, "त्याना हात ईटास्वर चांगला बसस."

माझा हात विटांवर तसा बेताचाच होता.