सुलाक्कानं माळावर नेलेला बाजार

सुलाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात लेकीकडे होते. भाजी घेऊन रिक्षातून घरी निघाले होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. दुकानातूनच बोलत होता. "आई, सुलाक्का गेल्या." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" ...कारण ती बाई सारखी कुठं ना कुठं गेलेलीच असायची. कधी तहसील कचेरीत, कधी कुणाच्या रानात, कधी सांगलीला कुठल्या साहेबांची गाठ घ्यायला. पलीकडं मुलगा गप्प झाला, तेव्हा मला कळलं. मिळेल ती एसटी धरली. गावात पोहोचले तेव्हा मळ्यातून माणसं अंत्यविधी उरकून परतत होती. मी घरी न जाता तशीच ओढ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्याला आता काही आठवडे झाले, पण अजून कशात मन लागत नाही. बोलायचं राहून गेलेलं बरंच आहे, आणि ते आता लिहूनच काढावं लागणार.

आमची ओळख भांडणातली. शिराळ्याच्या बाजूचं आमचं गाव, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा आम्ही दोघीही पहिल्यांदा निवडून आलो. मी पेठेतून, ती मळ्यातून. आमचं बियाणांचं, पेंडीचं दुकान आहे. सासऱ्यांच्या आधीपासून आमचं जैनांचं घर पेठेतच. सुलाक्काचा नवरा लवकर गेला. फौजेतून निवृत्त होऊन आलेले तिचे दीर, आबा, आणि ती असे दोघं मिळून रान बघत. ऊस आणि हळद. पहिलं वर्षभर आम्ही सभेत एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. मग गावाचा विकास आराखडा आला, आणि कामापुरतं बोलणंही संपलं.

आमचा आठवडी बाजार तेव्हा पेठेच्या रस्त्यावरच भरायचा. बाजाराच्या दिवशी एसटी गावात शिरत नसे, दवाखान्याकडं जाणारी गाडी अडून राहायची. पोरं शिकून साताऱ्याला नाहीतर पुण्याला कारखान्यात जायची. हळद इथं पिकायची आणि कच्चीच सांगलीला जायची. म्हणून बाजाराचं आवार, गाळे, हळदीला पॉलिश करायची शेड असं सगळं एका जागी करायचं ठरलं. त्याची आम्ही पेठेतले लोक केव्हापासून वाट बघत होतो. पण आराखड्यात त्यासाठी जागा दाखवली ती ओढ्याकाठची. गावातलं सगळ्यात चांगलं, सपाट, बारमाही पाण्याचं रान. सभेत नकाशा टेबलावर पसरला आणि सुलाक्काचा आवाज चढला.

"हितं हळद येती, पद्माताई. तुमच्या गाळ्यात काय येनार हाय?"

"पोरांना काम येईल," मी म्हणाले. "तुमचाच पुतण्या साताऱ्याला कारखान्यात जातो ना? गावात काय आहे त्याला?"

सुलाक्का उठली आणि निघून गेली. मला वाटलं, जिंकले. घरी सासऱ्यांना मी हौसेनं सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि ही दारात उभी. डोळे तारवटलेले. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. तुमी बोलला ते खरं हाय. आन् मी बोलले ते बी खरं हाय. आता काय करायचं सांगा." असं कुणी मला तोवर विचारलंच नव्हतं. आम्हाला राजकारणात एवढंच ठाऊक की दोघांतलं एक खरं ठरवायचं आणि हात वर करायचे. ती म्हणाली, "चला. गाव बघू." मी पायात चपला सरकवल्या आणि तिच्या मागं निघाले.

आख्खी सकाळ तिनं मला फिरवलं. ओढ्याकाठची रानं दाखवली, मग मी हट्टानं तिला पेठेतल्या बोळातून नेलं, बाजाराच्या दिवशी बायका गटारावर फळी टाकून भाजी विकायला बसतात ती जागा दाखवली. ती गटाराशी वाकली. मग म्हणाली, "ह्ये मी बघितलंच नव्हतं की." शेवटी आम्ही गावाच्या वरच्या अंगाला माळावर चढलो. जुनी दगडाची खाण, मुरूम, कुसळं. तिनं चौफेर हात फिरवला. "हितं आनू बाजार."

मी हसले. पाणी नाही, रस्ता नाही, सावलीला झाड नाही. तिथवर रस्ता न्यायचा तर मळ्यातल्याच बांधाकडेच्या पट्ट्या घ्याव्या लागणार, आणि त्यात पहिली पट्टी सुलाक्काच्या रानाची. इकडं पेठेला आपल्या दारातला बाजार सोडावा लागणार. "म्हणजे दोघांनाही झळ," मी म्हणाले. "लागू दे की," ती म्हणाली. "एकट्यालाच लागली तर त्यो मरतो."

पुढचे कित्येक महिने ती मळ्यात घरोघर फिरली आणि मी पेठेत दुकानोदुकानी. माझे सासरे म्हणाले, "गिऱ्हाईक एवढं वर चढून येणार आहे का? तू जा, मी इथंच बसतो." एवढ्यावर माझं निभावलं. तिचं तसं नव्हतं. आबा ओसरीवर बसले होते, मी समोर होते. ते म्हणाले, "वैनी, रान राखायचं म्हनून लोकांनी तुमास्नी निवडून दिलं. आन् तुमी पैल्यांदा आपलंच काढून देताय?" ती म्हणाली, "आपलं दिल्याबिगर दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं मागू, आबा?" आबांनी कागदावर सही केली. शिस्तीचा माणूस, शब्द मोडणारा नव्हे. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायचे थांबले. एकच घर, एकच चूल, एकाच रानात दोघांची कामं, आणि बोलणं बंद. ती मला एकदा म्हणाली, "घरात भिंतीसंगं ऱ्हायल्यागत वाटतंय, ताई." लगेच पदर खोचून पुढच्या कामाला लागली. थांबली असती तर बहुतेक रडली असती... आणि तिला थांबता येतच नव्हतं.

बाजार माळावर गेला. सुरुवातीला माणसंच येईनात. भाजीवाल्या तापलेल्या मुरमावर बसायच्या आणि आम्हा दोघींना तोंडावर शिव्या द्यायच्या. आम्ही ऐकून घ्यायचो. हळूहळू एसटी वर थांबायला लागली, आसपासच्या वाड्यांतली माणसं येऊ लागली. हळदीची शेड उभी राहिली, त्यात गावातली काही पोरं लागली. नागपंचमीच्या गर्दीत पेठेचा रस्ता पहिल्यांदा मोकळा दिसला, तेव्हा माझे सासरेच म्हणाले, "जमलं म्हणायचं." मला वाटलं, आता ही बाई जरा निवांत होईल.

त्याच पावसाळ्यात बापूंच्या हळदीत पाणी साचलं. बापू म्हणजे सुलाक्काच्या मागोमाग, तिच्या शब्दाखातर पट्टी देणारा पहिला शेतकरी. बाजाराचं आवार आम्ही पुढं काँक्रीटचं केलं होतं, आणि आधी मुरमात जिरणारं पाणी आता उतारानं थेट त्यांच्या रानात उतरत होतं. ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या नाही, इंजिनिअरच्या नाही, सुलाक्काच्याही नाही. मी गेले तेव्हा ती चिखलात बसली होती. हातात उपटलेला गड्डा. दाबला की बोटं आत जात होती, कुजका वास येत होता. बापू बांधावर उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आक्का, तुमी सांगितलं म्हनून मी दिलं." सुलाक्काला काही केल्या उठवेना. मी हाताला धरून उठवलं.

सभेत चर खोदायचा विषय आला तर कळलं की कामाच्या आराखड्यात चर धरलेलाच नाही, आता पुढच्या वर्षी बघू. "पुढल्या सालापत्तर पानी थांबल व्हय?" असं विचारून ती तरातरा निघाली. ओढ्यापर्यंत पाणी काढायचं तर एकच वाट होती, आणि तीही तिच्याच उसातून. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः ऊस तोडून चर आखायला घेतला. मी, बापू, चार बायका. आबा लांबून बघत होते. मग ते घरात गेले, डोक्याला टॉवेल गुंडाळून कुदळ घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. सुलाक्का हाताच्या अंतरावर होती. तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "पद्माताई, वैनीस्नी सांगा, चर वाकडा चाललाय."

ती म्हणाली, "आबास्नी सांगा, मग सरळ करून द्या म्हनावं."

आबांनी कुदळ घातली. दुपारपर्यंत दोघं माझ्यामार्फत बोलत होते. भाकरी खाताना आबांनी विसरून तिच्याकडंच चटणी मागितली.

पुढच्या निवडणुकीत ती पडली. मळ्यानं म्हटलं, हिनं रान दिलं. पेठेनं म्हटलं, हिनं बाजार नेला. मी उभीच राहिले नव्हते. वाटलं होतं ती खचेल, पण तिला खुपत होतं ते वेगळंच. माळाच्या रस्त्याकडेनं प्लॉटचे बोर्ड लागू लागले होते. बाजारासाठी काढलेला रस्ता आता दोन्ही बाजूंची रानं दलालांच्या डोळ्यांत भरवत होता. बोर्ड लावलेल्या एका रानात अजून ऊस उभा होता. तिथं थांबून ती म्हणाली, "बाजारासाठी रस्ता दिला मी, आन् ह्यो आता रानंच खायला लागलाय. चुकलं का हो, ताई?" मी म्हणाले, "नाही." खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. बाजार चालतो आहे, शेडमधली पोरं गावात राहिली आहेत, बापूंची हळद पुन्हा चांगली येते आहे. आणि रस्त्याच्या कडेला दर महिन्याला नवा बोर्ड लागतो आहे. यातलं काय कशातून वजा करायचं, हे मला जमत नाही.

रस्त्यालगतची रानं शेतीतून काढून रहिवासात घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा तिनं पहिली हरकत दिली. शेतकऱ्यांकडं गेली, पेठेतही आली. आमच्या काही दुकानदारांनीही तिच्याबरोबर हरकती दिल्या, याचं मला अजून नवल वाटतं. तेवढ्यात छातीचं दुखणं निघालं. सांगलीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तर नाकात नळी, आणि प्रश्न एकच, "सुनावणी कवा हाय?" मी म्हणाले, "आधी बऱ्या व्हा." ती चिडली. "त्ये इचारलं न्हाई म्या तुमास्नी." आमचं शेवटचं बोलणं ते.

सुनावणी परवा झाली. मी हरकतदार म्हणून गेले. सभागृहात मागच्या बाकावर आबा आणि बापू बसले होते. सुलाक्का गेल्याचं नवीन कारकुनाला ठाऊक नसावं. त्यानं एकेक नाव पुकारता पुकारता सुलाक्काचं पूर्ण नाव घेतलं. नकळत आम्हा सगळ्यांच्या माना मळ्याकडच्या खिडकीकडं वळल्या. सभेत ती कधी खुर्चीवर बसून बोलली नाही. बोलायची वेळ आली की उठून त्या खिडकीशी जायची, बाहेर हात करून "ह्ये बघा" म्हणायची, आणि साहेबांना मान वळवून बघावंच लागायचं.

कारकुनानं पुन्हा नाव घेतलं. आबा उठले. "त्या आमच्या वैनी. आता न्हाईत. त्यांचं म्हननं मी सांगतो."

"बसा ना, बसून बोला," साहेब म्हणाले.

आबांनी मान हलवली. चालत खिडकीशी गेले, कठड्यावर एक हात ठेवला आणि दुसरा बाहेर केला. "ह्ये बघा, साहेब..."

साहेबांनी मान वळवली.