मामांनी उठायला शिकवलं

माझं हर्नियाचं ऑपरेशन आणि बायकोचं हैदराबादचं ट्रेनिंग एकाच महिन्यात आलं. आम्ही दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. तिचं प्रमोशन त्या ट्रेनिंगवर अडलेलं, आणि माझा उजव्या जांघेतला हर्निया आता थांबायला तयार नव्हता. "मी पुढच्या महिन्यात करून घेतो," मी म्हणालो.

"काही गरज नाही. मी बाबांना बोलावलंय."

बाबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून सांगलीत एकटेच राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात आणि अहो-जाहो करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं 'प्रवास नीट झाला ना' आणि 'यंदा पाऊस कसा आहे' याच्या पुढे सरकलं नव्हतं. त्या माणसासमोर मी लुंगी नेसून पडून राहणार, या कल्पनेनं मला दिल्लीच्या जानेवारीतही घाम फुटला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आत जाळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मामा भडंगाच्या आणि बेदाण्याच्या पिशव्या घेऊन आले, त्याच संध्याकाळी बायको विमानात बसली. घरात उरलो मी, मामा आणि आमची चार वर्षांची मुलगी.

पहिल्याच सकाळी बाथरूमला जायला मी नेहमीसारखा ताडकन उठायला गेलो आणि अर्ध्यातच कळवळलो. मामा स्वयंपाकघरातून धावत आले.

"थांबा थांबा! असं सरळ उठायचं नाही. पडा परत. आता गुडघे वाकवा. कुशीवर वळा. पाय खाली सोडा आणि कोपरावर जोर द्या. पोटाला काही काम द्यायचं नाही."

त्यांनी हात माझ्या पाठीमागे धरला होता. ओढत नव्हते, नुसता आधाराला. मी उठून बसलो आणि खरंच दुखलं नाही. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची, हेही त्यांनीच सांगितलं. दिल्लीच्या हिवाळ्यातली हवा म्हणजे खोकला यायचाच, त्यामुळे ती उशी सतत माझ्या कुशीत असायची.

पुढचा प्रश्न त्यांनी चहा देता देता विचारला. "पोट साफ झालं का?"

मी कपात बघत नकारार्थी मान हलवली. त्यांनी जास्त चौकशी केली नाही. दुपारी ताटात पपई आली, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. मग एक दिवस आंघोळ करताना मला खाली सगळं काळंनिळं झालेलं दिसलं आणि माझा धीर सुटला. बाहेर येऊन मी ओला टॉवेल हातात धरून पलंगावर बसलो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले. तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "पोरगी जाताना सांगून गेलीय. डॉक्टर म्हणाले, तिथं काळंनिळं होतं, सूजही येते. आपोआप उतरते. घाबरायचं नाही."

माणसाची लाज इतकी नीट सांभाळणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

मुलीला मात्र काहीच कळत नव्हतं. शाळेतून आली की दोन्ही हात वर करायची. "पप्पा, गोदी!"

"गोदी म्हणजे?" मामांनी विचारलं.

"कडेवर," मी म्हणालो.

"कडेवर म्हणजे काय, नानू?" तिनं उलट त्यांनाच विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर ती. आजोबा हा शब्द तिला माहीत होता, पण शेजारची मुलं म्हणतात म्हणून नानूच. मामांनी तिला उचलून कमरेवर बसवलं. "ही बघ, ही कड. यावर बसलं की कडेवर." मग तिला तशीच माझ्या पलंगापाशी आणून माझ्या डाव्या बाजूला अलगद ठेवली. "आता पप्पांना पापा दे. महिनाभर पप्पा उचलणार नाहीत, तूच त्यांच्या शेजारी यायचं."

रोज दुपारी ऊन आलं की मामा मला खाली पार्कात न्यायचे. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. एकेक पायरी, कठड्याला धरून, ते एक पायरी खाली, मी त्यांच्या मागे. पार्कात कॉलनीतले रिटायर्ड लोक शेंगदाणे सोलत बसलेले असायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "क्या हुआ जी, इतने धीरे-धीरे?" मी 'थोडी कमजोरी' म्हणणार, एवढ्यात मामा त्यांच्या सांगलीच्या हिंदीत खणखणीत म्हणाले, "हर्निया का आपरेशन हुआ है!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाकावरचे एक सरदारजी हसले. "ओए, मेरा तो दोनों तरफ का हो चुका है!" दुसऱ्यांचंही झालेलं होतं. तिसरे कधीपासून टाळत होते, त्यांनी हळूच डॉक्टरचा पत्ता विचारला. त्या दिवसापासून मी पार्कात मान वर करून चालायला लागलो.

मग ती पिठल्याची दुपार आली. मी सहज म्हणालो होतो, खूप दिवसांत पिठलं खाल्लं नाही. थंडीमुळे स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. मामांनी फोडणीत मिरच्या टाकल्या आणि घरभर असा तिखट खाट उठला की मला ठसकाच लागला. उशी दिवाणखान्यात राहिलेली. खोकता खोकता टाक्यांपाशी काहीतरी चर्रकन झालं आणि मी तिथेच भिंतीला टेकलो.

मामा कढई तशीच टाकून आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी डॉक्टरांना फोन लावला. तिथे फुगवटा दिसतो का, लाल झालंय का, रक्त आलंय का, असं त्यांनी विचारलं. तसं काही नव्हतं. "शायद खिंचाव आ गया है. आराम कीजिए, कल दिखा जाइए," ते म्हणाले.

मी पडून राहिलो. बराच वेळ झाला तरी मामा येईनात, म्हणून कुशीवर वळून उठलो आणि आत गेलो. ते ओट्यापाशी उभे होते. पिठलं कढईत तसंच, थंड झालेलं.

"जेवला नाहीत, मामा?"

"तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? पोरीला काय सांगितलं असतं मी?"

"काही झालेलं नाही. चला, बसू या."

मी ताटं घेतली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. एक घास खाऊन ते म्हणाले, "उठवायचं, बसवायचं, हे सगळं मी हिच्या दुखण्यात शिकलो." हिच्या म्हणजे सासूबाईंच्या. "तिला कुशीवर वळवलं की ती म्हणायची, आता कळलं तुम्हाला मला कसं जपायचं, आधी कळायला हवं होतं. हसायची. शेवटी शेवटी मला चांगलं जमायला लागलं होतं. आणि मग काही कामच उरलं नाही."

मी आणखी पिठलं वाढून घेतलं. ते तिखटजाळ झालं होतं, पण मी कढई पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. जखमेच्या जवळ बधिर वाटतं ते काही महिने राहील, वजन उचलायचं नाही, चालणं वाढवा. परत येताना मामांना मफलर घ्यायचा होता, म्हणून रिक्षा करोल बागेत थांबवली. गर्दीत ते माझ्या उजव्या बाजूनं, दोन्ही कोपरं थोडी पसरून चालत होते, मला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मफलर घेतला. मग आम्ही एका दुकानात गरम गाजर हलवा घेऊन बसलो.

"मामा," मी म्हणालो, "ही आली तरी लगेच जाऊ नका. होळीपर्यंत राहा."

"बघू," ते म्हणाले. हलवा संपवला, हात पुसले आणि खिशातून फोन काढून सांगलीच्या शेजाऱ्यांना लावला.

"हां, मी बोलतोय. तुळशीला पाणी घालताय ना? घालत राहा जरा. नाही नाही, जावईबापू बरे आहेत. मीच थोडा थांबतोय."