पफ, स्पंज आणि मावशीचा चेहरा

नव्वदच्या दशकात बारामतीत एका बाईंच्या घरी ब्युटी पार्लरचा क्लास चालायचा. बारावी झाल्यावर मी पिंपळीहून सायकलवर तिथं जायची. आमच्या घरी पावडर म्हणजे डबा तळहातावर झटकायचा आणि हात तोंडावरून फिरवायचे, एवढंच. क्लासमध्ये मात्र पफ, स्पंज, ब्रश असं सगळं निराळं. बाई एक दिवस सांगायच्या, पावडर पफनं दाबून बसवा. दुसऱ्या दिवशी सांगायच्या, ब्रशनं झटका. मग बसवायची का झटकायची? बाकीच्या मुली माना डोलवायच्या, म्हणून मीही डोलवायची.

अशातच वरकुट्याहून मावशी आली. तिच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं. मावशी सावळी. डाव्या गालावर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग, ऐन तरुणपणी उठलेले. तिनं ते कधी पदराआड लपवले नव्हते. बाजारहाट, सोयरेधायरे, सगळीकडे ताठ मानेनं जायची. म्हणून आई गोठ्याकडं गेल्यावर तिनं हळूच विचारलं तेव्हा मी गडबडले.

"तुझ्या त्या पावडरीनं हे झाकंल का गं?"

झाकेल, असं मी विचार न करताच बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बारामतीच्या दुकानात गेले. दुकानदारानं काढलेल्या सगळ्या पावडरी गोऱ्या, गुलाबीसर. मावशीच्या हातावर लावल्या तर राख फासल्यासारख्या दिसायच्या. मी याहून काळपट रंगाची मागितली. त्याला वाटलं, माझ्या बोलण्यात काहीतरी चुकलं. त्याच्याकडं येणाऱ्या बायका उजळ रंग मागायच्या. काळपट मागणारी मीच पहिली. शेवटी त्यानं खालच्या फळीवरून नाटकवाले नेतात तो मातकट रंगाचा केक, म्हणजे डबीतली घट्ट रंगाची वडी, काढला. लावायला काय देऊ, म्हणाला. ते मलाच ठाऊक नव्हतं. मी पफ, स्पंज, ब्रश तिन्ही घेतले.

घरी खिडकीपाशी मावशीला बसवलं. पफनं लावलं तर सगळा रंग पफच प्यायला. ब्रशनं रेघा उमटल्या आणि मधून पांढरं दिसत राहिलं. मग स्पंज ओला करून घट्ट पिळला आणि ठिपके दिल्यासारखा टेकवत गेले. डाग हळूहळू विरत गेले. त्यावर पफनं पावडर दाबली, ती फार झाली, म्हणून ब्रशनं झटकली. तेव्हा कुठं क्लासमधल्या बाईंचं बोलणं मला उलगडलं. आधी बसवायची, मग जास्तीची झटकायची.

मावशीनं आरसा घेतला. कितीतरी वेळ बघत राहिली. बरं झालंय का, मी विचारलं.

"न्हाय कळत," ती म्हणाली.

लग्न नरसिंहपूरला, मुलाकडच्यांच्या गावी होतं. सकाळी मी मावशीचा चेहरा तसाच रंगवला. ती मुलीच्या खोलीत गेली, तर हळदीच्या साडीतली नवरी बघतच राहिली, आणि मग तिचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "त्यांनी तुला बघूनच सोयरीक केलीय, आई. आता कुणाला भेतीस? पुसून टाक."

मी मावशीच्या मागंच होते, हातात ओला स्पंज होता. त्यानं आता पुसायचं का उरलेलं नीट करायचं, मला समजेना. मी भिंतीशी उभी राहिले.

मावशी मुलीजवळ बसली. "कुणासाठी न्हाय गं केलं," ती म्हणाली. "हे उठलं नसतं तर मी कशी दिसली असती, तेवढं एकदा बघायचं व्हतं."

मुलीनं आईचा पदर सारखा केला आणि राहू दे म्हणाली.

अक्षता पडेपर्यंत रंग टिकला. मग उन्हानं घाम फुटला आणि हनुवटीशी ओघळ आले. मावशीनं माझ्याकडून तांब्याभर पाणी मागवलं आणि पंगती बसायच्या आत तोंड धुऊन टाकलं. पाहुणे बघायचे आणि नजर वळवायचे. विहीणबाई तेवढ्या जवळ आल्या. सकाळी तुमचं तोंड कसंतरीच वाटत होतं, बरं नव्हतं का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. मावशी खळखळून हसली. हसायचं का वाईट वाटून घ्यायचं, ते मला ठरवता येईना.

फोटो आल्यावर मी वरकुट्याला गेले. एका फोटोत मावशी रंगवलेली होती, दुसऱ्यात पंगतीत वाढताना, तिच्या नेहमीच्या चेहऱ्यानं. पहिल्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई बरी हाय. पर हिला काय म्हणून हाक मारायची, ते सुचंना."

मी तिला काही दिलं का तिच्याकडून काही घेतलं, हे त्या दिवशी कळलं नाही, आजही नीट कळत नाही. मावशीनं फोटो पिशवीत घातले, चुलीवर चहा ठेवला आणि जावई बोलायला कसा वाटतो, ते मला विचारायला लागली.