एक जूनचा जन्म

माझी जन्मतारीख एक जून. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक पोरांची तीच. मुळशीतल्या आमच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, "कधी झालं हे?" आई सांगायची, "भातकापणीत." मग सहा वर्षं भरतील अशा बेताने गुरुजी एक जून लिहून टाकत. त्या तारखेच्या जोरावर मी शाळेत बसलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. ते उपकार मी विसरलेलो नाही.

माझ्या चुलत भावाला मारणाऱ्याचीही तारीख एक जूनच. हिंजवडीकडून जमिनीचे भाव चढत आमच्यापर्यंत आले, तसा बांधाचा वाद पेटला आणि त्याने भावावर कोयता चालवला. जन्मठेप झाली, ती पार दिल्लीपर्यंत कायम राहिली. फिर्यादी माझी काकी, भावाची आई. हे सगळं एकदाचं मिटावं, एवढंच तिला हवं होतं. कोर्टाचे कागद वाचून सांगायचं काम घरात माझ्याकडे. मी म्हणालो, "काकी, संपलं."

मग तुरुंगातून अर्ज सुरू झाले. गुन्ह्याच्या वेळी मी अठराचा नव्हतो, शाळेतली तारीख गुरुजींनी बेजबाबदारपणे टाकली, असं त्यात लिहिलेलं. ते वाचताना तोंड कडू झालं. वयाचा मुद्दा शिक्षा कायम झाल्यावरही काढता येतो. खरोखर कोवळ्या वयात आत गेलेल्यासाठी तो रस्ता असायलाच हवा. पण हा गडी खुनाच्या आधी ग्रामपंचायतीला उभा राहिला होता; त्याला वयाची एकवीस पूर्ण लागतात. हात जोडलेले त्याचे फ्लेक्स गावभर लागले होते.

पहिल्या अर्जासोबत कुठल्याशा सुईणीचं प्रतिज्ञापत्र होतं. अर्ज फेटाळला. मी पुन्हा म्हणालो, "काकी, संपलं." वर्ष उलटलं नाही तोच दुसरा अर्ज आला. या वेळी सोबत जन्मपत्रिका, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी पिवळी.

आम्ही पुण्याला कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी विचारलं, "मागच्या अर्जात हा श्रावणात जन्मला होता. आता माघात?"

"नवीन पुरावा हाती आलाय, साहेब," त्याचा वकील म्हणाला.

"आणि निवडणुकीला उभा राहिला, ते?"

"तेव्हा वय खोटं सांगितलं होतं, साहेब."

मागच्या बाकावरचे दोन-तीन वकील खुसखुसले. काकीने माझी बाही ओढली. "काय म्हनतोय त्यो?"

"तेव्हा लहान होता म्हणतोय."

"ल्हान? आरं, त्येच्या हळदीला जेवून आले की मी!"

तोही अर्ज फेटाळला, पण दिवस त्यातच गेला. आमच्यानंतर एका कैद्याचं पहिलंच अपील होतं, ते पुढच्या तारखेवर गेलं. त्याची म्हातारी आई पिशवी उचलून बाहेर पडली. तिच्याकडे मला बघवेना. गाडीत बसल्यावर मी काकीला तेच दोन शब्द पुन्हा ऐकवले.

गेल्या महिन्यात कोर्टाची नोटीस घेऊन हवालदार परत दारात उभा. तिसरा अर्ज. आता हाडं तपासून वय ठरवा म्हणे. चाळिशी उलटलेल्या माणसाची हाडं!

काकी ओसरीवर तांदूळ निवडत होती. वर न बघताच तिने विचारलं, "आता कवा जन्मला त्यो?"

मी अर्जातली तारीख वाचून दाखवली. "हा पण फेटाळतील, काकी."

"फेटाळत्याल की," ती म्हणाली. सुपातला खडा तिने अंगणात भिरकावला. "पर ह्या बारीला तू संपलं म्हनू नगं."