फळ्यावरचा भाव

केळीच्या बागेत पिवळं केळं दिसणं ही आमच्याकडे नामुष्की असते. घड हिरवा असतानाच कापून ट्रकमध्ये गेला पाहिजे. झाडावर पिकलेला घड कुठलाही व्यापारी घेत नाही. तुम्हा मुलांना हे ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून आधी सांगते. ऐंशीच्या दशकात तापीकाठी आपली बाग होती, तेव्हाची ही हकिगत.

बाजार समिती रोज केळीचा भाव फळ्यावर लिहायची. त्यापेक्षा कमी द्यायचा नाही, असा नियम होता. व्यापारी मात्र बागेत येऊन कमीच द्यायचा आणि पावतीवर फळ्यावरचा भाव लिहायचा. सगळे शेतकरी मुकाट्याने सही करायचे. मी बी.ए. झालेली, मला ते सहन होईना. मी समितीकडे तक्रार केली, तीही इंग्रजीत. इंग्रजी पाहून साहेब लोक दचकतील असं वाटलं होतं. मूर्खच होते मी!

समितीने माझा कागद त्या व्यापाऱ्याकडेच खुलाशासाठी पाठवला. चार दिवसांनी व्यापारी तोच कागद हातात घेऊन आमच्या दारात उभा.

"अक्का, हाऊ कागद तुमना शे ना?"

"माझाच."

"झकास लिखेल शे. आते केळी बी ह्याच कागदले इका."

केळी कागदालाच विका म्हणाला, आणि त्यानंतर आमच्या बागेत कापणीला कोणी आलं नाही. दुसरे व्यापारीही नाहीत. शेजाऱ्यांचा माल भरून ट्रक आमच्या बांधावरून जायचे. तुमचे आजोबा रोज बागेत चक्कर मारून यायचे. एका सकाळी म्हणाले, "पहिला घड पिवळा पडला."

मी पिकलेले घड ट्रॅक्टरमध्ये भरायला लावले आणि भुसावळला रेल्वे कॉलनीत नेले. बायका पिशव्या घेऊन धावल्या. तासाभरात तिथल्या बाजार समितीचा माणूस हजर.

"बाई, परवाना?"

"माझ्या शेतातली केळी आहेत."

"समितीच्या आवाराबाहेर विकता येत नाही. नियम आहे."

"फळ्यावरच्या भावाचाही नियमच आहे ना?"

"ते माझ्याकडे नाही."

इतक्या वर्षांत बागेतच माल घेणाऱ्या एकाही व्यापाऱ्याचा ट्रक अडवायला असा माणूस आलेला मी पाहिला नव्हता. माझ्या ट्रॅक्टरसाठी मात्र तासाभरात आला!

"आणि फुकट वाटायला लागतो का परवाना?"

तो घुटमळला. "तसं... नाही लागत."

मी सगळा माल वाटून टाकला. एक बाई पैसे पुढे करू लागली, तर तिच्यावरच ओरडले. तिचा बिचारीचा काय दोष?

यात शौर्य काही नव्हतं. उरलेली बाग जागेवर सडली. पुढे तक्रार मागे घेतल्याचा अर्ज आजोबांनी लिहिला आणि मी त्याखाली सही केली. पुढच्या हंगामात तोच व्यापारी कापणीला आला. भाव आधीपेक्षाही कमी दिला. फळ्यावरच्या भावाची पावती फाडली, आजोबा शेजारीच उभे असताना ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "अक्का, सही तुमनीच पाहिजे."

मी केली.